तळाच्या तीन ओळी

१

ओळंबाला या प्रकरणात काय मिळणार होतं, ते आधी मांडून बघू.

बढती? तिच्या वरच्या खुर्च्यांवर मालकांचे नातेवाईक बसले होते आणि नातेवाईक सहसा निवृत्त होत नाहीत. कौतुक? स्लाईड नीट दिसली की लोक बोलणाऱ्याचं कौतुक करतात. ती कुणी केली हे फक्त बिघडल्यावर विचारतात. सूड? तिचं भांडण होतं ते समासांशी, अक्षरांच्या आकाराशी आणि सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांशी. माणसांपर्यंत पोचायला तिला सवडच मिळत नसे. सगळं मांडून बेरीज केली तर उत्तर शून्य.

तरीही शुक्रवारी सकाळी साडेदहाला मालकांनी तिच्यापुढे एक टाइप केलेला कागद सरकवला.

‘चौदाव्या स्लाईडवरील मजकूर माझ्या निष्काळजीपणामुळे दिसेनासा झाला. त्यातून घडलेल्या अपघातास मी सर्वस्वी जबाबदार आहे.’

खाली सहीसाठी रेघ मारलेली.

“पाचला हॉस्पिटलचे वकील येतायत, सोबत पोलीस,” मालक कागदाकडेच बघत म्हणाले. “त्याआधी सही कर.”

“नाही केली तर?”

“तर आम्हाला सांगावं लागेल की चूक तुझी आहे आणि तू कबूलही करत नाहीस.”

अपघात असा होता. ही फर्म लिफ्ट तपासून देते. हॉस्पिटलच्या सात लिफ्ट तपासल्या, त्यांतल्या तीन, सहा आणि सात नंबरच्या लिफ्टचे ब्रेक निकामी निघाले. सोमवारी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये मालकांच्या मेहुण्यांनी विश्वस्तांना निकाल दाखवला. मालकांच्या सहीचा छापील अहवाल आठवड्यानंतर जातो. तोवर विश्वस्तांना कळतं ते पडद्यावर दिसलं तेवढंच. पडद्यावर दिसल्या चार धडधाकट लिफ्ट. तळाच्या तीन ओळी पडद्याबाहेर गडप. विश्वस्तांनी सातही लिफ्ट चालू ठेवल्या. गुरुवारी सकाळी सहा नंबरची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून सुटली. आत वॉर्डातल्या मावशी होत्या, धुतलेल्या चादरींची गाडी घेऊन. चादरींमुळे जीव वाचला. उजवा पाय वाचला नाही.

तळाच्या ओळी का गेल्या, याचं उत्तर ऑफिसात प्रत्येकाकडे तयार होतं: व्हर्जनचा घोळ. इथं केलेली स्लाईड तिथं उघडली की अक्षरं पसरतात, रेघा सरकतात, कुणाचं तरी नाक कापलं जातं. होतं असं.

ओळंबानं कागद फाडला नाही. त्याच्या काटकोनात चार घड्या घातल्या, उठली आणि दप्तराच्या खोलीत गेली. तिथलं दार तिनं असं आपटलं की मालकांच्या टेबलावरचा चहा कपातल्या कपात हलला.

२

दप्तराच्या खोलीत आत्या बसते. ती मालकांची सख्खी आत्या, आणि म्हणून ऑफिसात सगळ्यांचीच. तिच्या वहीत सही केल्याशिवाय एकही फाईल खोलीबाहेर जात नाही. मालकांना लहानपणी पाढे तिनंच शिकवले; ते तिला अजून घाबरतात, विशेषतः सतराच्या पाढ्यापाशी.

“दार कुणी आपटलं?” आत्या म्हणाली.

“मी. परत आपटू?”

“बस आधी. आणि ओरडायचं असेल तर क्रमानं ओरड.”

ओळंबा हे नाव तिला ऑफिसातल्या इंजिनिअरनं ठेवलं होतं. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन लटकवतो, त्याला ओळंबा म्हणतात. या बाईला केसभर तिरकी ओळ सहन होत नसे.

“आत्या, त्या हॉलमधला कॉम्प्युटर दहा वर्षं जुना आहे, हे मला माहीत नाही?” ती क्रमानं ओरडू लागली. “म्हणून तर मी तसलाच एक ‘म्हातारा’ इथं कोपऱ्यात जिवंत ठेवलाय. तिथलं सॉफ्टवेअर त्याच्यात आहे. प्रत्येक फाईल मी नव्या मशिनवर उघडते, मधल्यावर उघडते, शेवटी म्हाताऱ्यावर. तिन्हीकडे ओळ जागच्या जागी बसली तरच बाहेर सोडते. अक्षर घेते ते सगळ्या मशिनवर असतं तेच. आलेख जुन्या आवृत्तीत वेडेवाकडे होतात, म्हणून त्यांचं चित्र करून चिकटवते, चित्र कुठंही हलत नाही. रंगावर विसंबत नाही, प्रत्येक प्रोजेक्टर लाल रंग वेगळाच दाखवतो. आणि प्रत्येक स्लाईडच्या तळाला दोन बोटं जागा मोकळी. दोन बोटं! तीन ओळी पडतीलच कशा?”

“तुझ्या मशिनवरची फाईल दाखव की त्याला.”

“दाखवली. म्हणतात, ही तू अपघातानंतर दुरुस्त केली नाहीस कशावरून? तारखा बदलता येतात, आणि ते तुलाच जमतं. म्हणजे काम येतं हाच गुन्हा!”

आत्यानं चष्मा पुसला. “याआधी त्या हॉलमध्ये कधी असं झालंय?”

“गेल्या वर्षी. मेहुण्यांनी स्वतःच्या हातानं स्लाईड केल्या होत्या, त्यांच्या त्या लाडक्या वळणदार अक्षरात. निम्मा मजकूर पडद्याखाली गेला. नंतर मी तासभर बसून त्यांना समजावलं, की हे अक्षर फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे, दुसऱ्या मशिनला ते सापडत नाही, मग ती तिच्याजवळचं जाडं अक्षर घालते, ओळी फुगतात आणि तळाचं सगळं खाली ढकललं जातं.”

“आणि चौदाव्या स्लाईडची कागदावरची प्रत?”

“ती तुमच्याकडेच! म्हाताऱ्यावरून छापून शनिवारी फाईलला लावली. तीच बघायला आलेय.”

आत्यानं फाईल काढली. पानं उलटली. बारा. तेरा. पंधरा.

तिनं पुन्हा मोजलं. मग तिचा चेहरा असा झाला, जसा मालकांनी लहानपणी सतरा नव्वे चुकल्यावर पाहिला असावा.

“माझ्या दप्तरातून,” ती हळू आवाजात म्हणाली, “पान गेलंय.”

३

फाईल सोमवारनंतर दोघांनी नेली होती. वहीत दोन सह्या: मंगळवारी इंजिनिअर, बुधवारी मेहुणे.

इंजिनिअर आधी सापडला, कारण तो भांडायलाच उभा होता. लिफ्ट त्यानंच तपासल्या होत्या.

“मी फाईल माझे आकडे ताडायला नेली. पान असेल-नसेल, मला नाही आठवत. तिला माझ्यावर ढकलायचंय का आता? माझे फोटो तिरके म्हणून तीनदा परत पाठवलेत तिनं!”

“तिरके होते का?” आत्यानं विचारलं.

“लिफ्टच्या खड्ड्यात लटकून काढलेत! सरळ कसे येतील?” मग त्याचा आवाज उतरला. “आत्या, मी सोमवारी मेहुण्यांना फोन केला होता. म्हटलं, तीन बंद करायला तोंडानं सांगा. ते म्हणाले, स्लाईडवर आहे सगळं, तू तुझं काम बघ. मी बघितलं माझं काम. जिना चढून त्या मावशींना तरी सांगायला हवं होतं.”

मेहुणे म्हणजे मालकांच्या बायकोचे धाकटे भाऊ. विश्वस्तांपुढे बोलायचं काम त्यांचं. आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपणच हुशार असल्यासारखं वाटावं. येत्या एक तारखेपासून ते भागीदार होणार होते. दारावरच्या पाटीवर मालकांच्या नावाखाली त्यांचं नाव यायचं होतं आणि रंगारी मापही घेऊन गेला होता.

“या आत्याबाई, या. फार वाईट झालं हो. पोरीचं वाईट वाटतं मला.”

“शनिवारी पेन ड्राईव्ह तुमच्याकडेच दिला होता ना, मेहुणेबुवा?”

“पाकिटात घालून, चिकटवून. सोमवारी ते पाकीट तसंच ऑपरेटरच्या हातात ठेवलं. मधे मी हातसुद्धा लावला नाही. मला कुठं येतात त्या फाईली उघडायला!”

“आणि रविवारी लॅपटॉप?”

“रविवारी घरी, माझ्या कपाटात. पोरांना हात लावू देत नाही मी. का हो?”

“वहीत लिहायला लागतं. आणि पेन ड्राईव्ह कुठाय आता?”

“गडबडीत हरवला बघा.”

“बुधवारी फाईल कशाला नेलीत?”

“चाळायला. हे व्हर्जनचं काय होतं ते समजून घ्यावं म्हटलं.”

आत्या उठली. जाता जाता तिनं त्याच हॉस्पिटलची जुनी फाईल काढून काखेत मारली. सहा महिन्यांपूर्वीचा देखभालीचा दाखला वरच होता: ‘सातही लिफ्टचे ब्रेक उत्तम स्थितीत.’ खाली सही, वेलबुट्टी काढल्यासारखी. ती कुणाची, हे वाचायला चष्मा लागत नव्हता.

पण दाखला खोटा म्हणजे स्लाईडही मेहुण्यांनीच बिघडवली, असं होत नाही. आणि घड्याळात पाऊण वाजला होता.

४

हॉस्पिटलचा हॉल तळमजल्यावर. शेजारीच सहा नंबरच्या लिफ्टचं दार, त्यावर आता पिवळी पट्टी. ओळंबा पट्टीपुढे थांबली.

हॉलचा ऑपरेटर पन्नाशीचा, माईकच्या तारा गुंडाळत बसलेला.

“पाकीट चिकटवलेलं होतं का?” आत्यानं विचारलं.

“पाकीट कसलं? खिशातून काढून दिला नुसता.”

“स्लाईड बिघडल्यावर साहेब काय म्हणाले?”

“हसले. सगळ्याच स्लाईडची अक्षरं फुगलेली, पण चौदावीच्या तळाचं पार गेलं. एका बाईंनी विचारलं, खाली अजून काही आहे का? तर म्हणाले, व्हर्जनचा घोळ आहे हो, बाकीच्या ओळीही अशाच आहेत, पुढे चला.”

“अशाच?” ओळंबा ओरडली. “निकामी ब्रेकच्या ओळी अशाच?”

“माझ्यावर काय ओरडता, बाई? मी तारा गुंडाळतो.”

आत्यानं पिशवीतून फोटो काढला. हॉस्पिटलच्या पत्रासोबत आलेला. कुणीतरी शेवटच्या रांगेतून, हात हलवत काढलेला. डावीकडे तक्ता, त्यात लिफ्ट नंबर एक, दोन, चार, पाच. चौघींपुढे ‘ब्रेकची पकड पूर्ण’. उजवीकडे आलेख, सात उभ्या पट्ट्या. पट्ट्यांखालचे आकडे मुंगीएवढे, वाचता न येणारे.

तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

“तू तक्त्यात चांगल्या लिफ्ट वर ठेवल्या होत्यास?”

“छे! वाईट बातमी आधी, हा माझा नेम आहे. लोक पहिल्या तीन ओळी वाचतात आणि फोन बघायला लागतात. तीन, सहा, सात सगळ्यांत वर होत्या.”

“याचा पुरावा?”

“चौदावं पान. जे चोरीला गेलं.”

“आलेखातल्या पट्ट्यांचा क्रम काय ठेवतेस?”

“तक्त्याचाच. ओळीला पट्टी जुळायला नको?”

“पट्टी उंच म्हणजे पकड चांगली?”

“हो.”

आत्यानं फोटोवर बोट ठेवलं. पहिल्या तीन पट्ट्या बुटक्या होत्या. नंतरच्या चार उंच.

ओळंबानं बोटानं पट्ट्या मोजल्या.

“मला तुझं ते सॉफ्टवेअर कळत नाही,” आत्या म्हणाली. “पण व्हर्जन बदललं की अक्षरं फुगतात, ओळी खाली ढकलल्या जातात, इतकं मला तुझ्या ओरडण्यातून कळलं. ओळी उठून एकमेकींच्या जागा घेत नाहीत. तक्ता कुणीतरी हातानं फिरवलाय. चांगल्या वर, वाईट तळाला. आलेखाचं तू चित्र करून ठेवलं होतंस, ते त्याला फिरवता आलं नाही.”

“म्हणजे माझ्या फाईलमध्ये कुणीतरी...”

“कुणीतरी. आता ‘कुणीतरी’वर पोलीस येत नाहीत. ती फाईलच हवी.”

ऑपरेटरनं तार खाली ठेवली. “फाईल पाहिजे होय? मी पेन ड्राईव्हवरून कधी चालवत नाही, ऐनवेळी अडकतो. आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. सोमवारची असेल की अजून.”

५

चार वाजता आत्यानं सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवलं. मालक, मेहुणे, इंजिनिअर, ओळंबा. प्रत्येकाला आपापलं मशिन आणायला सांगितलं. म्हातारा इंजिनिअरनं उचलून आणला.

“आत्या, तासाभरात वकील येतायत,” मालक म्हणाले.

“सतरा सक?”

“एकशे दोन,” मालक नकळत म्हणाले आणि गप्प बसले.

हॉलच्या कॉम्प्युटरवरून आणलेली सोमवारची फाईल आत्यानं आधी मालकांच्या नव्याकोऱ्या मशिनवर उघडायला लावली. चौदावी स्लाईड. अक्षरं फुगलेली, तळाच्या तीन ओळी गायब. उजवीकडचा आलेख मोठा केला, तर बुटक्या पट्ट्यांखाली स्वच्छ वाचता आलं: तीन, सहा, सात. शेजारच्या तक्त्यात पहिले तीन आकडे: एक, दोन, चार.

“एकाच स्लाईडवर दोन क्रम,” आत्या म्हणाली. “ज्या बाईला केसभर तिरकी ओळ खपत नाही, ती हे करेल?”

“जुनं व्हर्जन, आत्याबाई,” मेहुणे म्हणाले. “काहीही होतं.”

“मालकांचं नवं आहे. तिथंही बिघडलेलीच दिसते. चला, पुढचं.”

इंजिनिअरच्या मशिनवर बिघडलेली. म्हाताऱ्यावर बिघडलेली, हुबेहूब हॉलसारखी. ओळंबाच्या मशिनवरही बिघडलेली. जिच्या हातची फाईल, तिलाच ती ओळख देईना.

“आता तुमचा लॅपटॉप, मेहुणेबुवा.”

“माझा कशाला? चार्जिंग नाहीये.”

इंजिनिअरनं वायर खोचली. मालकांनी स्वतः झाकण उघडलं. फाईल उघडायला जितका वेळ लागतो तितका लागला.

आणि चौदावी स्लाईड मांडी घालून बसावी तशी बसली. वळणदार, वेलबुट्टीचं अक्षर. एकही ओळ फुगलेली नाही. सातही ओळी, तळाच्या तिन्ही धरून, काठोकाठ नीट.

ओळंबा उठून पडद्याजवळ गेली.

“सगळ्या जगात ही फाईल एकाच घरात नांदते,” ती म्हणाली. “हे अक्षर फक्त इथंच आहे.”

“कुणीतरी माझ्या लॅपटॉपवर केलं असेल!”

“रविवारी तो तुमच्या कपाटात होता,” आत्या म्हणाली. “पोरांनाही हात लावू देत नाही, तुम्हीच सांगितलंत. मी वहीत लिहिलंय. चिकटवलेलं पाकीटही तुम्हीच सांगितलंत, आणि ऑपरेटरला पाकीट दिसलंच नाही. बुधवारी फाईल चाळायला नेलीत, आणि खरा क्रम दाखवणारं चौदावं पान तिच्यातून गेलं. सहा महिन्यांपूर्वी ब्रेक न बघता उत्तम म्हणून सही केलीत. तीन लिफ्ट निकामी निघाल्याचं पडद्यावर दिसलं असतं तर विश्वस्तांनी पहिला प्रश्न त्या सहीबद्दल विचारला असता, आणि पाटी तशीच राहिली असती.”

मेहुणे मालकांकडे वळले. “दाजी, ऐका. मी बुधवारी गुपचूप ब्रेक बदलून घेणार होतो. सामान मागवलं होतं. ते आलंच नाही. दोन दिवसांचा प्रश्न होता फक्त!”

“मी शिकवलं तुम्हाला,” ओळंबा म्हणाली. तिचा आवाज आता चढत नव्हता, आणि त्यामुळे ऐकायला जास्त कठीण जात होता. “तळाच्या ओळी का पडतात, ते मी तासभर बसून शिकवलं, म्हणजे कधी पडू नयेत. तुम्ही त्याच रीतीनं पाडल्यात. सामान आलं नाही म्हणता? तीन दारांवर ‘बंद’ लिहून कागद चिकटवायचा होता. त्याला कुठलंही व्हर्जन लागत नाही.”

“आत्या,” मालक खाली मान घालून म्हणाले, “घरातली गोष्ट आहे. ती घरातच...”

“मावशींचा पाय घरातला नव्हता का रे?” आत्या म्हणाली. “सकाळी परक्या पोरीसाठी तो कागद टाइप करताना तुला घर आठवलं नाही!”

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. पाचला अजून दहा मिनिटं होती. वकील वेळेआधी येतात. ओळंबानं घड्या घातलेला कागद काढला, टेबलावर हातानं सपाट केला आणि मेहुण्यांपुढे सरकवला.

“बाकी मजकूर चालेल,” ती म्हणाली. “फक्त ‘निष्काळजीपणामुळे’ काढा. तुम्ही फार काळजी घेऊन केलंय.”

६

आता कुणी किती भरलं, ते.

मेहुण्यांचं नाव पाटीवर आलं नाही. पोलिसांच्या कागदांवर आलं, आणि तिथं ते वेलबुट्टी न काढता लिहितात. मालकांनी हॉस्पिटलचं काम घालवलं. भाऊ पोलिसांना दिला म्हणून बायको त्यांच्याशी बोलत नाही, आणि आधी परक्या मुलीला देत होते म्हणून आत्या बोलत नाही. इंजिनिअर हल्ली निकामी लिफ्टच्या दारावर स्वतःच्या हातानं कागद चिकटवतो, मगच खाली उतरतो. कागद तिरके असतात.

आत्यानं चौदाव्या पानाच्या जागी दुसरी प्रत लावली नाही. तिथं कोरा कागद आहे.

मालकांनी ओळंबाला मेहुण्यांची खुर्ची देऊ केली. तिनं ती नाकारली, महिनाभरात तिन्ही मशिनची रीत लिहून म्हाताऱ्यावर चिकटवली आणि नोकरी सोडली. जायच्या दिवशी ती वॉर्डातल्या मावशींना भेटायला गेली आणि सगळं सांगितलं: अक्षर, तक्ता, तळाच्या तीन ओळी.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. चादरीखाली उजवीकडची जागा सपाट होती.

“ते सगळं खरं, पोरी,” त्या म्हणाल्या. “पण स्लाईड म्हणजे काय गं?”

बेरीज इथं संपते. ज्यांनी ती स्लाईड फिरवली, ज्यांनी दाखवली, ज्यांनी पाहिली आणि ज्यांनी न वाचता मान डोलावली, त्या सगळ्यांनी मिळून भरलं त्याहून जास्त, ती कधीच न पाहिलेल्या बाईनं भरलं.